शाळेला दिलेला नंबर

धायरी, पुणे
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय दादास,
प्रज्ञेशचा सप्रेम जय भीम.

तुझं पत्र मिळालं. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. आईचा गुडघा दुखतो. पण दुखतो म्हणता म्हणता ती उठून पाणी भरायला जाते, त्यामुळे किती दुखतो ते मला नक्की लिहिता येत नाही. हे पत्र तुझ्या हातात पडण्याआधी तिथले साहेब वाचतात, हे मला माहीत आहे. त्यांनाही नमस्कार. मी आधी कच्चं लिहून मग पक्कं उतरवतो, म्हणजे खाडाखोड पाहून कुणाला शंका यायला नको.

सांची बरी आहे. सातवीचे गणवेश घेतले तेव्हा एक माप मोठं घेतलं होतं, ते आत्ताच बसायला लागलं आहे. तू येरवड्याच्या जेलात आहेस हे तिला कळता कामा नये, असं तू पहिल्याच मुलाखतीत मला शपथ घालून सांगितलंस. मी ते पाळतो आहे. पप्पा गुजरातमध्ये मुंद्रा बंदरावर ट्रेलर चालवतात, तिकडे मोबाइलला नीट रेंज नसते, म्हणून ते फक्त माझ्याशी, मार्केट यार्डात मी कामाला आहे त्या गाळ्यावरच्या फोनवर बोलतात, असं तिला सांगितलं आहे. ती मधूनच काहीबाही विचारते. तिकडे पंखा आहे का, भांडणं होतात का, जेवायला चपाती देतात की भाकरी. मी नकाशा पाहून ठेवला आहे. उत्तर देताना अडखळत नाही.

आता ज्यासाठी पत्र लिहितो आहे ते. तिच्या शाळेत या वर्षी काहीतरी नवीन सुरू झालं आहे आणि मला ते ठीक दिसत नाही.

तिच्या वर्गशिक्षिका आहेत सोनाली बाई. वयाने माझ्याएवढ्याच असतील. स्कूटरवरून येतात. सकाळी वर्गाच्या दारात उभ्या राहतात आणि प्रत्येक पोराने आत जाताना हाताची बोटं दाखवायची. पाच बोटं म्हणजे मजेत. एक म्हणजे बरं नाही. मूठ म्हणजे मला आज काही विचारू नका. मूठ दाखवणाऱ्याला पहिल्या तासाला उभं करत नाहीत, फळ्यापाशी बोलवत नाहीत. कुणाच्या घरात काय चाललं आहे ते पोरांच्या हातावरून काढून घ्यायची ही युक्ती असणार. दुसरं म्हणजे सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलाने शाळेतलं एक मोठं माणूस निवडायचं. आठवड्यातून एकदा मधल्या सुट्टीत व्हरांड्यातल्या बाकावर त्या माणसाशेजारी बसायचं. काय बोलायचं ते मुलाने ठरवायचं. सांचीने सोनाली बाईंनाच निवडलं. चाचणीत कमी पडले तर एका मैत्रिणीबरोबर बसून तोच धडा करायचा आणि चाचणी पुन्हा द्यायची. जुने मार्क धरतच नाहीत.

आणि सगळ्यात विचित्र म्हणजे बाई पंधरवड्यातून एकदा घरी फोन करणार आणि मुलाबद्दल एक चांगली गोष्ट सांगणार. फक्त चांगली.

दादा, शाळेतून चांगलं सांगायला फोन येतो असं तू कधी ऐकलंस का? नववीत मला सांगितलं होतं, पालकांना घेऊन ये, तोवर वर्गाबाहेर उभा राहा. तू गाडीवर होतास, आई कामावर, कोण येणार? मी उभा राहिलो, मग जायचं सोडलं. शाळेने विचारलंसुद्धा नाही. आणि आता एवढं गोड कशासाठी?

मी विचार केला. एक तर मुलांचे फोटो काढून कुणी देणग्या गोळा करत असेल. नाहीतर कुणाच्या घरी आईबाप नाहीत ते पाहून मुलांना वसतिगृहात टाकत असतील. वहिनी आज जिवंत असती तर मला एवढी भीती वाटली नसती. पार्किंगच्या भांडणात ज्याला तुझ्या हातून लागलं, त्याच्या नात्यातली तर ही बाई नाही ना, तेही मी पाहिलं. आडनाव वेगळं आहे. पण माहेरचं काढायचं राहिलं आहे.

म्हणून शाळेने नंबर मागितला तेव्हा मी माझा दिला नाही. आमच्या गाळ्यावरच्या पोपटचा दिला. तो माल उतरवतो, वेल्ह्याकडचा आहे, साधा माणूस. त्याला सांगितलं, "शाळेतून फोन आला तर प्रज्ञेश नाही म्हणायचं आणि ठेवून द्यायचा."

तो म्हणाला, "एवढंच ना? मंग काय अवघड हाय?"

तुला काय वाटतं ते लिही. तब्येतीला जप. तारखेला मी कोर्टात येईन.

तुझा,
प्रज्ञेश


धायरी, पुणे
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादास,
सप्रेम जय भीम.

तुझं पत्र पोचलं. तू एकच ओळ लिहिलीस, "काढ तिला त्या शाळेतून," आणि खाली रेघ मारलीस. ती रेघ कागदाच्या मागून हाताला लागते. मी लगेच काढलं नाही, कारण सत्र मध्येच आहे आणि घाईत काढलं तर जास्त प्रश्न विचारतील. पण आता माझंही मत तेच होत चाललं आहे. का ते क्रमाने लिहितो.

दिवाळीनंतर पालकसभा झाली. मी तयारीने गेलो होतो. ट्रेलर, मुंद्रा, वर्षातून एकदा येतात, कंपनी मोठी आहे, सगळं पाठ. बाई रांगेने एकेका पालकाशी बोलत होत्या. माझ्या पुढच्या बाईंना त्यांनी मुलाच्या वडिलांबद्दल विचारलं. माझ्यामागच्या आजोबांनाही विचारलं. मला विचारलं नाही. मला म्हणाल्या, "सांची वाचते छान. घरी ती कुठे बसून वाचते?" मी म्हटलं, ओट्यापाशी, उजेड तिथेच येतो. त्या म्हणाल्या, "मग शेवटच्या तासाला इथेच गृहपाठ करू दे तिला, घरी नेऊच नये." आणि पुढे गेल्या.

वडिलांबद्दल एक शब्द नाही. मी घरापर्यंत चालत विचार करत आलो. सगळ्यांना विचारायचं आणि एकालाच वगळायचं, हे उगाच कुणी करत नाही. त्या बाईला काहीतरी कळलं आहे. कुणाकडून कळलं ते समजत नाही.

दुसरं यार्डातलं. तिथेही माणसं माझ्याकडे वेगळं पाहतात. आमचे आडते तात्याराव तुला माहीत आहेत, माणसाला बरं म्हणायची त्यांना सवय नाही. मी पेट्यांवर गावांची नावं नीट वळणदार टाकतो तर म्हणतात, "प्रज्ञेशराव, पेटी मार्केटला जायची आहे, संग्रहालयात नाही." असे तात्याराव मागच्या आठवड्यात माझ्या हातावर चार सीताफळं ठेवून म्हणाले, "तुमच्या पुतणीला द्या."

मी विचारलं, "कशाबद्दल?"

"सीताफळाला कारण लागतं होय? खाता येत नसेल तर परत आणा."

मी घरी नेऊन आधी एक फोडून पाहिलं. चांगलं निघालं. मग सांचीला दिली.

हमालही मला पाहून आपापसात हसतात. वाईट हसत नाहीत, पण हसतात. आणि पोपट फोन आला की पेट्यांच्या थप्पीमागे जातो. एकदा मी गेलो त्याच्या मागोमाग. "व्हय बाई, व्हय व्हय," असं म्हणत होता आणि डोळे पुसत होता. मला पाहून फोन खिशात घातला.

"कुणाचा होता?"

"गावाकडनं. मावशीचा."

"मावशीला बाई म्हणतोस?"

"आमच्यात म्हणत्यात."

मग मी सरळ विचारलं, शाळेचा फोन येतो का कधी. म्हणाला, "आला असंल येखादा. म्या काय ध्यानात ठिवतो व्हय?" पोपटला आपल्या गावच्या प्रत्येक म्हशीचं नाव ध्यानात आहे, दादा.

सांचीही बदलली आहे. भांडी घासताना गुणगुणते. गणितात आधी रडायची, आता म्हणते, "पुन्हा देता येते ना चाचणी, मग कशाला घाबरायचं." मध्ये दोन दिवस तापाने घरी होती, तर वर्गातल्या पोरींनी दाराशी वही आणून दिली आणि तू नव्हतीस तर बाक रिकामा वाटला म्हणाल्या. त्यांनाही बाईंनीच शिकवून पाठवलं असणार. मी जिन्यात उभा राहून ऐकलं. पोरगी आपल्या हातातून त्या बाईच्या हातात चालली आहे, असं मला वाटतं. ज्या माणसाशी ती एवढं बोलते त्याला कधी ना कधी सगळं बोलून बसेल. तिला काही माहीत नाही म्हणून आत्तापर्यंत निभावलं.

आईला विचारलं तर म्हणते, "पोरगी हसतीय तर हसू दे की." आईला यातलं गांभीर्य कळत नाही.

मी ठरवलं आहे. यार्डाला शनिवारी सुट्टी असते आणि शाळा सकाळची असते. नाताळ होऊ दे, मग एका शनिवारी जाऊन दाखला काढतो. हडपसरला आत्याकडे ठेवू, तिकडची शाळा मोठी आहे, एकेका पोराला कुणी विचारत बसत नाही. तुझं म्हणणं राहील.

थंडी वाढली आहे. स्वेटर जमा केला आहे, मिळाला का ते कळव.

तुझा,
प्रज्ञेश


धायरी, पुणे
रविवार, ११ जानेवारी २०२६

प्रिय दादास,
सप्रेम जय भीम.

स्वेटर मिळाल्याचं कळलं, बरं वाटलं. आईच्या गुडघ्याला तेल लावतो आहे. यार्डात स्ट्रॉबेरी आली आहे, पेट्या लहान असल्याने नावं बारीक टाकावी लागतात. समोरच्या इमारतीत लिफ्ट बसवली, दिवसभर पोरं वरखाली करतात. तात्यारावांनी नवा चष्मा केला.

दाखला आणला नाही.

हे मी वर लिहायला हवं होतं. कच्च्यात वरच होतं, पक्कं करताना खाली आलं.

काल शाळेत गेलो. अर्ज लिहून नेला होता. सोनाली बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "अक्षर छान आहे. दाखला मिळेल, तो तुमचा हक्क आहे. बसा. कारण काय लिहिलंय, घर बदलतोय. कुठे?"

"हडपसरला."

"हडपसरला कुठे?"

आत्याची गल्ली मला त्या क्षणी आठवेना. मी म्हटलं, स्टँडजवळ.

बाई म्हणाल्या, "सांची म्हणते, काका फार तयारी करून खोटं बोलतो. ही तयारी कमी पडली."

मी म्हटलं, "बाई, सरळ विचारतो. ही बोटं, बाक, फोन, हे सगळं करून तुम्हाला काय मिळतं?"

"पगार," त्या म्हणाल्या. "तोही उशिरा."

मग त्यांनी अर्ज बाजूला ठेवला. म्हणाल्या, "सहावीत आलेली पोरं आठवीपर्यंत गळतात ती अभ्यासामुळे कमी गळतात. ज्या दिवशी पोर आलं नाही त्या दिवशी कुणाला पत्ताच लागला नाही, म्हणून गळतात. तेवढं होऊ द्यायचं नाही, एवढंच आम्ही ठरवलं. तुम्हाला यात काय दिसलं ते मला माहीत नाही. फोनवर कधी भेटला नाहीत. तुमचे पोपटमामा मात्र न चुकता भेटतात."

दादा, पोपटने एकही फोन ठेवून दिला नव्हता. पहिल्याच फोनला म्हणाला, "प्रज्ञेश न्हाई, पर सांगा की, म्या घरचाच हाय." आणि, हे मला आज गाळ्यावर कळलं, प्रत्येक फोननंतर तो तिथे सगळ्यांना सांगायचा. आपल्या सांचीने अपूर्णांकाची चाचणी दुसऱ्यांदा देऊन पूर्ण मार्क काढले. आपल्या सांचीने नव्या पोरीला डबा खायला आपल्यात बसवून घेतलं. सीताफळं त्या कौतुकाची होती. सगळं यार्ड पोरीचं कौतुक करत होतं आणि मी फळात काय असेल म्हणून फोडून पाहत होतो.

मी म्हटलं, म्हणजे पोपटने तुम्हाला दादाचंही सांगितलं.

"पोपटमामांनी कधी त्यातलं काही काढलं नाही," बाई म्हणाल्या.

"मग?"

त्यांनी व्हरांड्यातल्या बाकाकडे पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

दादा, आता लिहितो. सांचीला माहीत आहे. या वर्षी शाळा सुरू झाली तेव्हाही माहीत होतं. तिला कुणी सांगितलं नाही. आई झोपेत बोलते. तुझं नाव घेते, येरवडा म्हणते, वकिलाला शिव्या देते. मी नकाशे पाहून मुंद्रा पाठ करत होतो आणि ती रोज आईशेजारी झोपत होती. जुलैत तीन सकाळी ओळीने तिने मूठ दाखवली. बाईंनी काही विचारलं नाही, फक्त बाकावर शेजारी बसल्या. चौथ्या सकाळी ती आपणहून बोलली. आणि बाईंकडून कबूल करून घेतलं की घरी सांगायचं नाही. म्हणाली, "काकाला कळलं की मला कळलंय, तर त्याला फार वाईट वाटेल." परवा मी तिच्या जन्मदाखल्याची प्रत शोधत होतो ते तिने पाहिलं. तेव्हा बाईंना म्हणाली, "काका दाखला मागायला आला तर सांगून टाका."

पंखा आहे का, भांडणं होतात का, चपाती देतात का. ती मुंद्र्याबद्दल विचारत नव्हती.

मी अर्ज परत घेतला. बाहेर सांची उभी होती, पाठीला दप्तर. आम्ही बसथांब्यापर्यंत चालत आलो. मग ती म्हणाली,

"मिळाला दाखला?"

"मागितलाच नाही. सहज आलो होतो."

"काका."

"मागितला. परत घेतला."

"असं." तिने ओढणीला हात पुसले. "आत्याकडे मला राहायचं नव्हतंच. तिकडे कुत्रं आहे."

बस आली आणि गेली, आम्ही चढलो नाही. ती म्हणाली, "पप्पांनी त्या माणसाला मारलं ना?"

मी हो म्हटलं. पार्किंगवरून भांडण झालं, रागात लोखंडी पाना उचलला, त्याला खूप लागलं, तो वाचला. जसं झालं तसं सांगितलं. तुझी बाजू थोडी घेतली, पण फार नाही. ती ऐकत होती. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, "मला त्यांना बघायचंय."

मी म्हटलं, पप्पांना ते आवडणार नाही. तुला त्यांनी तिथे पाहावं अशी त्यांची इच्छा नाही. तुझ्यासाठीच ते म्हणतात.

"तू म्हणतोस की ते म्हणतात?"

"तेच म्हणतात."

"मग त्यांनीच मला लिहावं. नको येऊ म्हणायचं असेल तर त्यांच्या अक्षरात लिहावं. तू नाही सांगायचं. तू सांगितलंस तर मी धरणार नाही."

बारा वर्षांची पोर, पण गाळ्यावर सौदा तोडावा तसं बोलली.

दादा, तू रेघ मारून लिहिलं होतंस ते मी मोडलं. रागाव. पण आपण तिच्यापासून लपवत होतो असं आपल्याला वाटत होतं, आणि ती आपल्यासाठी न कळल्यासारखं करत होती, घरात दोन वर्षं. ज्या ठिकाणी तिला ते करावं लागत नव्हतं तो एक बाक होता आणि मी तो काढायला निघालो होतो. त्या बाईंवर माझा अजून पूर्ण विश्वास बसलेला नाही. माहेरचं आडनावही मी विचारलं. साताऱ्याच्या आहेत, काही संबंध नाही. पण शाळेला मी माझा खरा नंबर दिला आहे. आज सकाळी गाळ्यावर पोपटला ते सांगितलं तर तो रुसला. म्हणाला, "आता मला कोण सांगणार?" त्याला म्हटलं, मी सांगत जाईन.

मुलाखतीला कुणी यायचं त्यांची नावं तुला तिथे द्यावी लागतात. त्यात तिचं नाव द्यायचं की नाही ते तू ठरव. मी घेऊन यायला तयार आहे. यार्डातून सुट्टी मागून ठेवली आहे. ती काय विचारेल ते मला सांगता येत नाही, आणि या वेळी मी तुला उत्तरंही तयार करून देणार नाही. तू तिच्यासमोर कसा दिसशील याची तुला लाज वाटते हे मला कळतं. मला तिच्यासमोर बसथांब्यावर वाटली. पण त्यानंतर आम्ही पुढच्या बसने घरी आलो आणि जेवलो.

या पत्राचं उत्तर मला पाठवू नकोस. सांचीला पाठव. हो असेल तरी, नाही असेल तरी. पाकिटावर नाव तिचं घाल. ते मी उघडणार नाही.

तुझा भाऊ,
प्रज्ञेश